वाजविणाऱ्याचें नांव

मराठी भाषेंत गाणाऱ्यास बहुधा एकच शब्द पुरतो. 'गवई' म्हटलें, कीं तो धृपद गातो कीं ख्याल गातो हें न विचारतांहि त्याचा व्यवसाय कळतो. वाजविणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. पखवाज वाजविणारा तो पखवाजी, तबला वाजविणारा तबलजी, सारंगी वाजविणारा सारंगिया, रुद्रवीणा वाजविणारा बीनकार, दिंडींत वीणा धरणारा विणेकरी, टाळ धरणारा टाळकरी, ढोलकी वाजविणारा ढोलक्या, शिंग फुंकणारा शिंगाड्या, पेटी वाजविणारा पेटीवाला, आणि देवळापुढें किंवा लग्नमांडवांत सनई-चौघडा वाजविणारे ते वाजंत्री. काम एकच, वाद्य वाजविण्याचें. पण नांवाचा शेवट दर वेळीं बदलतो. कोठें 'ई', कोठें 'जी', कोठें 'कार', कोठें 'करी', कोठें 'या', तर कोठें 'वाला'.

हा भेद केवळ व्याकरणाचा असता, तर आपला वेळ मीं घेतला नसता. मुलांना प्रत्यय शिकविण्यांत जन्म गेलेल्या शिक्षकास प्रत्ययांचें कौतुक असायचेंच. परंतु ह्या प्रत्ययांचा विचार करूं लागलें, म्हणजे त्यांच्या मागें उभा असलेला समाज दिसूं लागतो. कोणास दरबारांत बसावयास जागा मिळाली, कोणास देवळाबाहेर उभें राहावें लागलें, कोणाच्या पायांवर लोकांनीं डोकें ठेविलें आणि कोणास नांव न विचारतांच बिदागी देऊन वाटेस लाविलें, हें सारें त्या एकदोन अक्षरांत सांठविलेलें आहे. म्हणून आज ह्या नांवांचा थोडक्यांत इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभ संस्कृतापासून करूं. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायांत पुरुषमेधाच्या प्रसंगानें त्या काळच्या नाना व्यवसायांच्या माणसांची एक लांबलचक यादी आली आहे. तींत वीणावाद, शंखध्म, तूणवध्म, पाणिघ्न आणि आडंबराघात अशीं नांवें आढळतात. वीणावाद म्हणजे वीणा बोलती करणारा. शंखध्म म्हणजे शंख फुंकणारा, आणि तूणवध्म म्हणजे तूणव नांवाचें वेळूचें वाद्य फुंकणारा. पाणिघ्न म्हणजे हातानें ताल देणारा. आडंबराघात म्हणजे आडंबर नांवाच्या मोठ्या ढोलावर आघात करणारा. आज पोकळ थाटमाटास आपण 'आडंबर' म्हणतों. तो शब्द मूळचा एका ढोलाचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ह्या नांवांची घडण पाहिली तर असें दिसतें, कीं त्यांत शरीराच्या क्रियेस मान दिलेला आहे. एक बोलवितो, एक फुंकतो, एक हाणतो. माणूस काय करतो तें शब्द सांगतो. तो कोण आहे हें सांगत नाहीं.

पुढें पाणिनीनें ह्या नांवांस नियम घालून दिला. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत त्याचें सूत्र आहे, त्याचा भावार्थ असा, कीं ज्याचें जें शिल्प असेल त्यावरून त्याचें नांव साधावें. मृदंगवादन हें ज्याचें शिल्प तो 'मार्दंगिक'. मड्डुक व झर्झर हीं दोन वाद्यें वाजविणाऱ्यांसाठीं तर त्यानें लगेच पुढें निराळें सूत्र दिलें आहे. येथें 'शिल्प' हा शब्द लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ज्याच्या घरीं मृदंग आहे तो मार्दंगिक होत नाहीं. ज्याच्या हातांत तो वाजविण्याची विद्या आहे तोच होतो. मूर्ति घडविणें जसें शिल्प, तसेंच नाद घडविणें हेंहि शिल्प, असें त्या वैयाकरणानें मानिलें.

आतां अमरकोश उघडूं. जुन्या पिढीनें हा कोश लहानपणीं पाठ केलेला असे. परंतु त्यांतील एक विसंगति पाठ म्हणतांना सहसा ध्यानांत येत नाहीं. अमरसिंहानें वाद्यांचीं नांवें पहिल्या कांडांतील नाट्यवर्गांत दिलीं आहेत. तें कांड स्वर्गापासून सुरू होतें. देव, आकाश, दिशा, काल, बुद्धि, वाणी ह्यांच्या ओळींत नाट्य येतें, आणि तेथें वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. तारांचें तें तत, चामडें ताणून मढविलेलें तें आनद्ध, फुंकण्याचें तें सुषिर आणि धातूचें तें घन. परंतु वाजविणारे कोठें आहेत, म्हणून शोधूं लागलें, तर ते त्या कांडांत नाहींत. मार्दंगिक, मौरजिक, पाणिवाद, वैणविक आणि वैणिक हे सारे दुसऱ्या कांडाच्या शूद्रवर्गांत, कुंभार, विणकर, रंगारी ह्यांच्या शेजारीं बसलेले आढळतात. वीणा स्वर्गाच्या कांडांत, आणि वैणिक शूद्रवर्गांत! कोशकारानें हेतुपुरस्सर कोणाचा अपमान केला असें मी म्हणत नाहीं; त्यानें कारागिरांचा वर्ग केला आणि वादक हा कारागीर म्हणून त्यांत घातला. परंतु वाद्यास एक स्थान आणि वादकास दुसरें, ही जी फारकत तेथें दिसते, तिचा धागा पुढें आपल्या काळापर्यंत येऊन पोंचतो.

नाट्यशास्त्रांतील कथा ह्याच्या अगदीं उलट आहे. स्वाति नांवाचा मुनि पाणी आणावयास सरोवरावर गेला असतां पाऊस आला. कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचा नाद त्यानें ऐकला, आणि त्यावरून पुष्कर वाद्यें निर्माण केलीं, असें भरतमुनि सांगतात. म्हणजे ढोलाचा पहिला कर्ता मुनि होय. त्याच ढोलाच्या पुढच्या वादकांस मात्र मुनिपद लाभलें नाहीं.

शास्त्रकारांपैकीं वादकाचें मोल ज्यानें नीट जाणलें, तो पंडित आपल्याच प्रांतांत होऊन गेला. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या पदरीं, सिंघण राजाच्या काळीं, शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. देवगिरि म्हणजे आजचें दौलताबाद. ह्या ग्रंथांत उत्तम गायकवृंद कसा असावा तें आंकड्यांनिशीं दिलें आहे. मुख्य गायक ४, त्यांना साथ करणारे ८, गायिका १२, बांसरी वाजविणारे वांशिक ४ आणि मार्दंगिक ४. एकंदर ३२ माणसांच्या ह्या मेळ्यांत ८ वादक आहेत, आणि त्यांच्यावांचून वृंद उत्तम ठरत नाहीं. वांशिकाचे गुण कोणते व दोष कोणते, हेंहि शार्ङ्गदेव सांगतो. ज्याच्या गुणदोषांची चिकित्सा करावीशी वाटते, त्याला आपण कलावंत मानिलें असा त्याचा अर्थ होतो.

ह्यानंतर फारशी व तुर्की शब्दांचा प्रवाह आला. तुर्की भाषेंत 'ची' हा धंदा दाखविणारा प्रत्यय आहे. तोफ डागणारा तो तोपची, खजिना सांभाळणारा तो खजानची, नगारा वाजविणारा तो नगारची. मशाल धरणाऱ्या मशालचीचा आपण मशालजी केला, आणि तबलचीचा तबलजी. म्हणून 'तबलजी' ह्या शब्दाच्या शेवटीं जो 'जी' ऐकूं येतो, तो 'गुरुजी' किंवा 'शिवाजी' ह्यांतला आदराचा 'जी' नव्हे. तो धंद्याचा 'ची' आहे. एखाद्या तबलावादकास 'तबलजी' म्हटलेलें आवडत नाहीं, ह्याचें ऐकणाऱ्यास नवल वाटतें; 'जी' तर लाविला आहे, मग राग कां, असें तो विचारतो. त्याचें उत्तर ह्या व्युत्पत्तींत आहे.

फारशीनें दुसरा एक फार गोड प्रत्यय दिला, तो 'नवाज'. सितारनवाज, सरोदनवाज, शहनाईनवाज. ज्या फारशी क्रियापदापासून हा शब्द झाला, त्याचे दोन अर्थ आहेत. वाद्य वाजविणें हा एक, आणि मायेनें कुरवाळणें, कृपा करणें हा दुसरा. गरिबांवर कृपा करणारा तो गरीबनवाज, आणि सतारीवर मायेचा हात फिरविणारा तो सितारनवाज. दरबारांत मान्यता पावलेल्या थोर उस्तादांनाच हा शब्द लावीत. गाण्याच्या मागें बसून साथ करणाऱ्यांना 'साजिंदे' म्हणत. साज म्हणजे वाद्य, आणि साजिंदा म्हणजे वाद्य वाजविणारा. अर्थ दोहोंचा एकच. परंतु एक शब्द गादीवर बसतो, आणि दुसरा गादीच्या मागें.

राजाश्रय लाभला म्हणजे वादकास स्वतःचें नांव कसें मिळतें, ह्याचें उदाहरण अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. अकबराच्या दरबारांतील ३६ कलावंतांची यादी त्यानें दिली आहे. तींत कोणी ग्वाल्हेरचा, कोणी मशहदचा, कोणी हेरातचा. एक बीन वाजवितो, एक स्वरमंडळ वाजवितो, एक बांसरी फुंकतो. सोळाव्या शतकांतल्या ह्या माणसांचें गांव व वाद्य आज आपणांस सांगतां येतें. त्याच काळीं खेड्यापाड्यांतून वाजविणारे सहस्रावधि लोक होते. त्यांतल्या एकाचेंहि नांव कोणी टिपून ठेविलें नाहीं.

ह्या भेदाचें उत्तम दर्शन एकाच वाद्याच्या तीन नांवांत होतें. वीणा वाजविणारा तो संस्कृतांत वैणिक. दक्षिण हिंदुस्थानांत हा शब्द आजहि जिवंत आहे. तेथें सरस्वतीवीणा वाजविणारास वैणिक म्हणतात, आणि वीणा असो कीं मृदंग, कुशल वादकाच्या नांवामागें 'विद्वान' ही पदवी लावितात. आपल्याकडे विद्वान म्हटलें कीं पोथ्या वाचणारा डोळ्यांपुढें येतो. तेथें मृदंग वाजविणाराहि विद्वान ठरतो. उत्तरेस ह्याच वीणेची 'बीन' झाली, आणि ती वाजविणारा तो बीनकार. बीनकारांचा दरारा मोठा. बड्या बड्या गवयांनीं त्यांच्यापासून आलापी उचलली. त्यांतले विख्यात बंदे अली खाँ आयुष्याच्या अखेरीस पुण्यास येऊन राहिले आणि १८९५ सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

तिसरा शब्द आपल्या वारकऱ्यांचा, विणेकरी. दिंडींत पुढें पताका, मग ओळींनीं टाळकरी, मध्यें मृदंगी, आणि त्यांच्या मागें गळ्यांत वीणा अडकवून चालणारा विणेकरी. त्याच्या वीणेवर कोणी राग आळवीत नाहीं. ती एका सुरांत अखंड झंकारत असते, आणि त्या सुरावर सारी दिंडी चालते. विणेकरी हा दिंडीचा धुरीण. सप्ताहांत वीणा खालीं ठेवावयाची नसते. पहाऱ्याप्रमाणें ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाते. देतांना आणि घेतांना दोघेहि एकमेकांच्या पायां पडतात. त्या वेळीं कोणाची जात कोणती, वय किती, विद्या किती, हा प्रश्न उठत नाहीं. बीनकारास दरबारानें जो मान दिला, तो त्याच्या कसबासाठीं. विणेकऱ्यास संप्रदायानें जो मान दिला, तो त्यानें सांभाळलेल्या सुरासाठीं. 'करी' हा प्रत्ययहि पाहा. वारी करणारा वारकरी, टाळ धरणारा टाळकरी, वीणा धरणारा विणेकरी, शेत करणारा शेतकरी. सगळे एका पंक्तीचे.

दिंडींतून गांवांत आलें, म्हणजे दृश्य पालटतें. जुन्या ग्रामव्यवस्थेंत वाजविणें हें वतन होतें. बारा बलुतेदारांत गुरव असे. देवाची पूजा, बेल-पत्रीचा पुरवठा आणि देवापुढें वाद्य वाजविणें हीं त्याचीं कामें. अलुतेदारांच्या याद्या सर्वत्र सारख्या नाहींत. परंतु त्यांत वाजंत्री, घडशी, गोंधळी, डवऱ्या अशीं नांवें येतात. गोंधळी संबळ वाजवितो. डवऱ्या ज्या डौरावर गातो, त्या वाद्यानेंच त्याच्या साऱ्या जमातीस नांव दिलें आहे. 'वाजंत्री' शब्दाचा प्रवास तर विशेषच आहे. 'वाजंत्री आले' म्हटलें म्हणजे माणसें आलीं, आणि 'वाजंत्री वाजूं लागली' म्हटलें म्हणजे संगीत सुरू झालें. माणूस व नाद ह्यांस एकच शब्द. हा शब्द ऐकून मला पुष्कळदां वाटतें, कीं ऐकणाऱ्यानें नाद तेवढा घेतला आणि माणूस त्यांत हरवून गेला.

ह्याहून कठीण दैव हलगी आणि डफ वाजविणाऱ्यांचें. त्यांच्यावांचून गांवाची जत्रा, मिरवणूक, दवंडी, कांहींच होत नसे. आणि तरी त्यांस कसबाच्या नांवानें क्वचितच कोणी ओळखलें. जातीच्या नांवानें हाक मारावी आणि वेशीबाहेरून बोलवावें, अशी रीत होती. चामड्यास हात लागतो, फुंकण्यानें वाद्य उष्टें होतें, अशीं कारणें त्यासाठीं सांगत. परंतु हें कारण मनापासूनचें असतें, तर पखवाजास देवळाच्या सभामंडपांत जागा मिळाली नसती. पखवाजहि चामड्यानेंच मढविलेला असतो. तेव्हां दोष चामड्याचा नव्हता. तें कोणाच्या हाताखालीं आहे, ह्यावर सोवळेंओवळें ठरत होतें. तामिळ देशांत 'पऱै' नांवाचा डफासारखा एक ढोल आहे. तो वाजविणाऱ्या जमातीस त्यावरूनच नांव पडलें, असें बहुतेक विद्वान मानितात, आणि तेंच नांव पुढें युरोपियनांच्या तोंडीं जाऊन इंग्रजी भाषेंत 'पॅरिया' म्हणजे 'बहिष्कृत' ह्या अर्थानें रूढ झालें. एका वाद्याच्या वादकाचें नांव जगभर बहिष्काराचें नांव व्हावें, ह्याहून शब्दाची दुसरी कोणती दुर्दशा असूं शकेल?

आपल्या बोलींतहि ह्या उपेक्षेच्या खुणा आहेत. तीच तीच तक्रार करणाऱ्यास आपण 'तुणतुणें वाजवितो' म्हणतों, स्वतःची बढाई मारणाऱ्यास 'टिमकी वाजवितो' म्हणतों, आणि दुसऱ्याच्या मताला मान डोलविणाऱ्यास 'री ओढतो' म्हणतों. परंतु शाहिराच्या मागें उभा राहून तुणतुणें छेडणारा आणि झील धरणारा झीलकरी एक क्षण थांबला, तर पोवाडा तेथेंच कोलमडेल. शाहीर दम घेतो तो झीलकऱ्याच्या जिवावर. तमाशांतील ढोलक्याचेंहि तसेंच. फडाची सारी रंगत त्याच्या बोटांत असते. आणि त्याच्या नांवास लागलेला 'या' प्रत्यय मात्र सलगीचा आहे, आदराचा नव्हे. अलीकडे त्यास 'ढोलकीपटू' म्हणूं लागले आहेत, हें योग्यच झालें.

राजवाड्यांत व किल्ल्यांत मात्र वाद्यास मोठी प्रतिष्ठा होती. रायगडावर नगारखाना होता; पुण्यांत १७३२ सालीं वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरहि नगारखाना आहे. नौबत झडणें ही राजचिन्हांपैकीं एक खूण. ती वाजविण्याचा मान सरदारास मिळाला, म्हणजे त्याची पायरी चढली. परंतु येथेंहि मान मिळाला तो नौबतीस आणि तिच्या धन्यास. तिच्यावर टिपरूं मारणारा नगारची माडीवर राहिला, आणि उंचावर बसूनहि दिसेनासा झाला. मृदंगे, वाजंत्री, नगारची अशा आडनांवांतून त्यांच्या पिढ्यांची आठवण तेवढी उरली आहे.

इंग्रजी अमदानींत आणखी दोन शब्द आले. एक 'वाला' आणि दुसरा 'मास्तर'. बँडवाला, पेटीवाला हा हिंदी वळणाचा 'वाला' कोणासहि लागतो. भाजीवाला, टांगेवाला, तसाच पेटीवाला. त्यांत शिल्पाचा वास नाहीं. पाणिनीनें जी सीमा आंखली होती, ती येथें पुसली गेली. 'मास्तर' शब्दानें मात्र वादकाचें थोडें भलें केलें. बँडमास्तर, पेटीमास्तर, तबलामास्तर. गोव्यांतहि चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन शिकविणाऱ्या गुरूस पोर्तुगीज भाषेंतला 'मेस्त्र' हा शब्द होता. त्याचाहि अर्थ मास्तर असाच. ज्यास दुसरें कांहीं म्हणतां येत नाहीं, पण ज्याच्या विद्येचा मान राखावयाचा आहे, त्यास आपल्या लोकांनीं मास्तर म्हटलें. आमच्या पेशाचा हा गौरव मी नम्रपणें स्वीकारतों.

मराठी रंगभूमीनेंहि वादकांस नांवें मिळवून दिलीं. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या गाण्यास पुढें तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ असे. नाटक पाहावयास जाणारा रसिक ह्या तिघांस ऐकावयासहि जाई. पेटीवर गोविंदराव टेंब्यांनीं असें प्रभुत्व मिळविलें, कीं त्यांस 'पेटीवाला' म्हणावयास कोणाची जीभ रेटली नसती. त्याच पेटीस १९४० सालीं सरकारी नभोवाणीनें बंदी केली. पेटीचे सूर ठरीव असतात, त्यांत मींड निघत नाहीं, हिंदी संगीतास तें वाद्य परकें आहे, असे आक्षेप होते. १९७१ पर्यंत ही बंदी राहिली. तीन दशकें नभोवाणीवर पेटी नव्हती, म्हणून पेटीवादकाचें नांवहि नव्हतें.

त्या काळांत नभोवाणीवर साथीस सारंगी राहिली. परंतु सारंगियाचें दुखणें निराळें होतें. उत्तरेंत सारंगिये पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्या स्त्रियांच्या मागें साथ करीत. कित्येकींस शिकविलेंहि त्यांनींच. समाजानें त्या कोठ्यांवर जो कलंक लाविला, तो सारंगियाच्या नांवासहि चिकटला. गायिका पुढें 'बाई' आणि 'देवी' झाल्या, सभागृहांत आल्या. सारंगिया हा शब्द मात्र मळकाच राहिला. आपल्या मुलांनीं हें नांव लावूं नये, म्हणून कित्येकांनीं तें वाद्यच त्यांच्या हातीं दिलें नाहीं. मानवी गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारें हें वाद्य दुर्मिळ होत गेलें, त्याच्या कारणांत त्या नांवाची लाज हेंहि एक कारण आहे. शब्द वाद्यास मारूं शकतो, तो असा.

आणि एक माणूस शब्दास वर काढूं शकतो, हेंहि सारंगीनेंच दाखविलें. उदेपूरकडील रामनारायण ह्यांनीं प्रथम लाहोर व मग दिल्ली येथें नभोवाणीवर साथीदार म्हणून चाकरी केली. साथीच्या मर्यादा त्यांस सोसवेनात. १९४९ सालीं ते मुंबईस आले. चित्रपटांत वाजवून पोट भरलें, आणि १९५६ पासून सारंगीच्या स्वतंत्र मैफली करूं लागले. २००५ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. २०२४ सालीं ते वारले, तेव्हां त्यांस कोणी 'सारंगिया' म्हटलें नाहीं; पंडित रामनारायण म्हणूनच देशानें त्यांचें स्मरण केलें. सनईचेंहि असेंच. देवळाच्या दारांत आणि मांडवाच्या तोंडाशीं बसणारें हें वाद्य बिस्मिल्ला खाँ ह्यांनीं मैफलींत मध्यभागीं आणून बसविलें, आणि २००१ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें.

आतां 'वादक' ह्या शब्दाविषयीं दोन शब्द सांगून पुरें करतों. तबलावादक, सनईवादक, सारंगीवादक, पेटीवादक. आज सभ्य लेखनांत सर्वत्र हाच एक शब्द चालतो. त्यानें एक मोठें काम केलें. 'जी', 'या' आणि 'वाला' ह्यांच्या पायऱ्या मोडून त्यानें सर्वांस एका सपाटीवर आणलें. यजुर्वेदांतल्या 'वीणावाद' शब्दाचा तो सख्खा भाऊ. वाद्यास बोलतें करणारा, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी त्याच्या बाजूचा आहें. परंतु नवीन शब्द आला, म्हणून जुने शब्द टाकून द्यावे हें मला पटत नाहीं. पखवाजी, विणेकरी, बीनकार, वाजंत्री, झीलकरी ह्या प्रत्येक शब्दांत एक स्वतंत्र परंपरा आहे, शिकण्याची एक निराळी रीत आहे. विणेकऱ्यास वीणावादक म्हटलें, तर त्याची दिंडी नाहींशी होते. दोष शब्दांत नव्हता. उच्चारणाऱ्याच्या तोंडांत होता. तोंड सुधारलें, म्हणजे शब्द आपोआप स्वच्छ होतात.

परंतु कोणताहि सामान्य शब्द, मग तो वैणिक असो, उस्ताद असो कीं वादक असो, माणसाच्या स्वतःच्या नांवाची जागा घेऊं शकत नाहीं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर गायकाचें नांव ठळक असे; साथीदाराचें क्वचितच असे. आज त्या ऐकतांना ठेका कोणाचा, सारंगी कोणाची, हें जाणकारांस केवळ कानावरून ओळखावें लागतें, आणि कित्येकदां तें ओळखतां येतच नाहीं. ती चूक आतां दुरुस्त होणें नाहीं. पुढची मात्र टाळतां येते. नभोवाणीवर गाण्याबरोबर साथीदारांचीं नांवें सांगतात, ही चांगली चाल आहे. ती तेवढ्यापुरतीच राहूं नये. श्रोतेहो, आपल्या गांवच्या जत्रेंत हलगी वाजविणारा असतो, आपल्या घरच्या कार्यांत सनई वाजविणारा असतो, आपल्या मंदिरांत भजनास मृदंगी असतो. त्यास बिदागी द्यावी, जेवूं घालावें, हें तर आपण करतोंच. त्याबरोबर त्याचें नांव विचारावें, आणि पत्रिकेंत, अहवालांत, निदान घरच्या वहींत तें लिहून ठेवावें.